ताम्रपटातील राजमाता, मठातील राजकन्या

मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याची ओळख गोमंतकीय वाचकाला सहसा दोनच गोष्टींमुळे असते : मँगनीजच्या खाणी आणि कान्हाचे जंगल. महाराष्ट्रातील गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांना लागून असलेला, वैनगंगेच्या खोऱ्यातला हा प्रदेश मराठीला परका नाही. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात तो होता, आणि १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाल्यावर सीमारेषेच्या पलीकडच्या बाजूस राहिला. याच जिल्ह्यातील जंगलात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही तांब्याचे पत्रे मिळाले. एका झाडाला टांगलेल्या अवस्थेत ते सापडले, अशी नोंद आहे. ते कोणी टांगले, आणि ते जमिनीतून वर केव्हा आले, याचा मागमूस त्या नोंदीत नाही. पत्र्यांवरची अक्षरे मात्र विदर्भातील अभ्यासकांच्या ओळखीची होती. प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर छोट्या चौकोनी पेटीसारखी खूण असलेली ती लिपी वाकाटक राजांच्या दानपत्रांची.

हे पत्रे वाचून प्रसिद्ध करण्याचे काम फ्रान्झ कीलहॉर्न या जर्मन संस्कृत पंडिताने केले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १८६६ पासून जवळजवळ पंधरा वर्षे संस्कृत शिकवून तो मायदेशी परतला होता आणि ग्यॉटिंगन विद्यापीठात प्राध्यापक होता. ‘एपिग्राफिया इंडिका’च्या नवव्या खंडात त्याचा लेख आला. वाचनातून एक चमत्कारिक गोष्ट पुढे आली. हे दानपत्र होते, पण त्यात दानच नव्हते. वाकाटक राजा दुसरा पृथिवीषेण याची वंशावळ त्यात सविस्तर कोरलेली होती. गाव कोणते, ब्राह्मण कोण, तिथी कोणती, हा भाग कोरलाच गेला नव्हता. उरलेली जागा कोरी. आजच्या भाषेत सांगायचे तर छापील मजकूर तयार, तपशील भरायचा राहिलेला.

त्या वंशावळीत राजांच्या नावांबरोबर तीन स्त्रिया येतात. पहिली भारशिव राजा भवनाग याची कन्या. तिच्या पित्याचे नाव आहे, तिचे स्वतःचे नाही. तिसरी कुंतल देशाच्या राजाची कन्या अज्झितभट्टारिका, म्हणजे पृथिवीषेणाची आई. या दोघींच्या मध्ये आहे ती प्रभावतीगुप्ता : महाराजाधिराज देवगुप्ताची मुलगी, दुसऱ्या प्रवरसेनाची आई. बालाघाटच्या पत्र्यावर तिच्या वाट्याला एवढीच जागा आली आहे, कोणाची मुलगी आणि कोणाची आई. पण याच स्त्रीने स्वतःच्या नावाने काढलेली दानपत्रेही उपलब्ध आहेत, आणि त्यांतली ती निराळी आहे.

तेराव्या वर्षाची आज्ञा

दुसऱ्या चंद्रगुप्ताने, म्हणजे ज्याला परंपरेने विक्रमादित्य म्हटले त्याने, आपली मुलगी वाकाटकांच्या घरात दिली. तिची आई कुबेरनागा नाग कुळातील होती. गंगेच्या खोऱ्यातील साम्राज्याला दक्षिणेच्या वाटेवर विश्वासाचा सोयरा हवा होता, आणि नंदिवर्धन येथून राज्य करणारे वाकाटक त्या वाटेवरच होते. नंदिवर्धन म्हणजे आजच्या रामटेकजवळचे नगरधन. चौथ्या शतकाच्या अखेरीचा हा काळ. पती दुसरा रुद्रसेन याचा मृत्यू थोड्याच वर्षांत झाला. मुलगे लहान होते. थोरला दिवाकरसेन युवराज, पण राज्याभिषेक झालेला नव्हता.

या अवस्थेत राज्य कोणी चालवले याचे उत्तर एका ताम्रपटात आहे. तो अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, एका तांबट कुटुंबाकडे पिढ्यान्‌पिढ्या पडून होता. तांबटाच्या घरात तांब्याचा जुना पत्रा वितळला गेला नाही, हे विदर्भाच्या इतिहासाचे भाग्यच म्हणायला हवे. काशिनाथ बापूजी पाठक आणि काशिनाथ नारायण दीक्षित या दोघा विद्वानांनी तो प्रसिद्ध केला, आणि तो ‘पुणे ताम्रपट’ म्हणून ओळखला जाऊ लागला. नंदिवर्धनहून निघालेली ही आज्ञा तेराव्या वर्षाची आहे. कार्तिक शुद्ध द्वादशीस, म्हणजे प्रबोधिनी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, दंगुण नावाचे गाव भगवंताच्या चरणी निवेदन करून चनालस्वामी या आचार्याला दिल्याचे त्यात म्हटले आहे. हे गाव हिंगणघाटच्या परिसरातले असावे, असे वा. वि. मिराशी यांनी सुचवले. आज्ञा देणारी प्रभावतीगुप्ता आहे. मुद्रेवरही तिचेच शासन आहे. युवराजाची जननी असे ती स्वतःला म्हणवते आणि शत्रूंना वेसण घालणारी ही आज्ञा आहे, असे बजावते.

तेरा वर्षे हा काळ लहान नाही. बारावर्षीय मूल तेवढ्या वेळात कर्ते होते. तरी दिवाकरसेनाचे स्वतःचे राज्य असल्याचा पुरावा मिळत नाही. तो बहुधा युवराज असतानाच गेला. त्यानंतर दामोदरसेन आणि प्रवरसेन ही नावे येतात.

या ताम्रपटाने एक फार मोठा गोंधळ मिटवला. बालाघाटच्या आणि इतर वाकाटक पत्र्यांत प्रभावतीगुप्तेचा पिता ‘देवगुप्त’ म्हणून येतो. हा देवगुप्त म्हणजे मगधातील उत्तरकालीन गुप्तांपैकी कोणी असावा, असे फ्लीटसारख्या अभ्यासकांनी धरले होते, आणि त्यामुळे सारे वाकाटक घराणे जवळजवळ तीन शतके पुढे, सातव्या-आठव्या शतकात, ढकलले गेले होते. कीलहॉर्नही त्याच वाटेने गेला. पुणे ताम्रपटात खुद्द मुलगीच आपल्या वडिलांचे नाव चंद्रगुप्त सांगते, आजोबा समुद्रगुप्त सांगते. देवगुप्त हे चंद्रगुप्ताचेच दुसरे नाव ठरले आणि वाकाटक पाचव्या शतकात आपल्या जागी आले. मुलांनी, नातवांनी काढलेल्या डझनभर पत्र्यांतून जे कळत नव्हते ते बाईने स्वतः काढलेल्या एका पत्र्यातून कळले. कारण साधे होते : पुरुषांनी आपापल्या बापाची वंशावळ दिली, तिनेही तेच केले.

हा मुद्दा नीट पाहण्याजोगा आहे. दानपत्राच्या आरंभी देणाऱ्याच्या कुळाची ओळख असते. प्रभावतीगुप्तेच्या दोन्ही प्रसिद्ध ताम्रपटांत ही ओळख गुप्तांची आहे, वाकाटकांची नव्हे. पतीचा उल्लेख येतो, ती त्याची अग्रमहिषी असल्याचेही येते, पण गोत्र? वाकाटकांचे गोत्र विष्णुवृद्ध. ती स्वतःचे गोत्र ‘धारण’ असे सांगते, आणि ते माहेरचे आहे. लग्नानंतर स्त्रीचे गोत्र बदलते, असे आपल्याकडे आजही लग्नपत्रिकेपासून श्राद्धापर्यंत गृहीत धरले जाते. सोळाशे वर्षांपूर्वीची एक राजमाता सरकारी दस्तऐवजात ते गृहीत धरत नाही. याला काही अभ्यासक पाटलीपुत्राच्या वर्चस्वाची खूण मानतात : विदर्भाचा कारभार त्या काळी जावयाच्या घरी बसलेल्या लेकीमार्फत सासराच चालवत होता, असे त्यांचे म्हणणे. गुप्तांचा धाक होता हे खरेच असेल. पण दुबळ्या राजमातेला माहेरचा आधार सांगावा लागला असे म्हणणे आणि समर्थ राजमातेने माहेरचा अभिमान सांगितला असे म्हणणे, या दोन्हींना पत्र्यावरचा मजकूर सारखाच पुरतो. तेरा वर्षे टिकलेला कारभार दुसऱ्या अर्थाकडे अधिक झुकतो.

पत्ता : रामगिरीस्वामींचे चरण

दुसरा ताम्रपट अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरचा. महानुभाव पंथीयांना हे गाव वेगळे सांगायला नको. हा पत्रा प्रवरसेनाच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला. म्हणजे मुलगा आता चांगला स्थिरावलेला राजा होता. राज्य चालवण्याची आईची जबाबदारी संपून कितीतरी वर्षे झाली होती. तरीही ती स्वतःच्या अधिकारात जमीन देते. अश्वत्थनगर या गावातील एक शेत, त्यावरील घर आणि कष्टकऱ्यांच्या चार झोपड्यांसह. यातले कष्टकरी कोण, आपली झोपडी कोणाच्या मालकीची झाली हे त्यांना कोणी विचारले का, याविषयी ताम्रपट बोलत नाही. असे दस्तऐवज बोलतही नसतात.

महत्त्वाचा आहे तो आज्ञा निघाल्याचा पत्ता. राजाची आज्ञा राजधानीतून निघते किंवा छावणीतून. प्रवरसेनाचे चम्मकचे प्रसिद्ध दानपत्र, ज्यात एक हजार ब्राह्मणांना आठ हजार भूमी मापाचे गाव दिले आहे, ते प्रवरपुराहून निघाले. प्रभावतीगुप्तेची ही आज्ञा मात्र रामगिरीस्वामींच्या पादमूलापासून निघाली आहे. रामगिरी म्हणजे रामटेकची टेकडी. पादमूल म्हणजे देवाच्या पायांचा तळ, जिथे भक्त बसतो ती जागा. राजमाता ‘अत्यंतभगवद्भक्ता’ आहे, हे विशेषण ती आपल्या नावामागे लावते. नगरधनच्या राजवाड्यापासून ही टेकडी काही किलोमीटरवर आहे. तेवढे अंतर तोडले की पत्ता बदलतो आणि पत्त्याबरोबर अधिकाराचे स्वरूपही.

विधवा राणी पुत्राच्या राज्यात कोणत्या नात्याने हुकूम काढणार? पतीच्या नात्याने काढला तर पती हयात नाही. पुत्राच्या नात्याने काढला तर पुत्र स्वतःच समर्थ आहे. पित्याच्या नात्याने सांगावे तर पाटलीपुत्र दूर आहे, आणि चंद्रगुप्ताचाही काळ तोवर संपलेला होता. देवाच्या नात्याने काढला तर मात्र त्याला हरकत घेणारा कोणी नाही. मराठी वाचकाला याचे ओळखीचे उदाहरण तेराशे वर्षांनी महेश्वरात सापडते. अहिल्याबाई होळकर १७६७ ते १७९५ पर्यंत राज्य करत होत्या, आणि त्यांच्या हुकुमांवर स्वतःच्या नावाऐवजी श्रीशंकराचे नाव असे. त्यांच्या नम्रतेचे म्हणून हे उदाहरण शाळेत सांगितले जाते. नम्रता होतीच, पण सासरा, नवरा आणि मुलगा तिघेही गेल्यानंतर दरबारातील कारभाऱ्यांशी ज्यांना दोन हात करावे लागले, त्या बाईला त्या सहीचा व्यावहारिक उपयोगही पुरता ठाऊक असणार.

रिद्धपूरच्या ताम्रपटात राजमातेच्या वयाविषयी एक वाक्प्रयोग आहे. त्याचा एक अर्थ ‘शंभराहून अधिक वर्षे जगलेली’ असा लावला गेला, आणि तसे धरले तर कालगणनेचे सारे हिशेब चुकतात. दुसऱ्यांनी तो ‘पुत्रपौत्र शंभराहून अधिक वर्षे जगोत’ अशा आशीर्वादाकडे वळवला. वाद चालू राहिला. म्हातारपण मात्र नक्की.

बालाघाट जिल्ह्याने या म्हातारपणाचाही एक पुरावा दिला आहे. कटंगीकडच्या बाजूस, आज मँगनीजच्या खाणीमुळे माहीत असलेल्या तिरोडी या गावी प्रवरसेनाचा तेविसाव्या राज्यवर्षातला ताम्रपट मिळाला. त्यातले दान राजाने आईच्या पुण्यासाठी केले आहे, इहलोकीच्या आणि परलोकीच्याही. इहलोकीच्या पुण्याचा उल्लेख आहे, त्यावरून ती तेव्हा हयात होती असे मिराशींसारखे अभ्यासक मानतात. मुलगा स्वतः शिवभक्त. आई विष्णुभक्त. एकाच घरात दोन्ही चालत होते, आणि दोघेही आपापल्या देवाच्या नावे जमीन देत होते.

कीलहॉर्नच्या गावाशेजारी

बालाघाटचे पत्रे ज्या ग्यॉटिंगनमध्ये वाचले गेले, तेथून उत्तरेला सुमारे चाळीस किलोमीटरवर गांडरशाइम नावाचे छोटे शहर आहे. प्रभावतीगुप्तेपुढचाच प्रश्न तिथल्या राजस्त्रियांपुढे साडेचार शतकांनी उभा राहिला, आणि त्यांनी त्याचे उत्तर देवाच्या पायाशीच शोधले. पण निराळ्या पद्धतीने.

सॅक्सनीचा सरदार लिउडोल्फ आणि त्याची पत्नी ओडा यांनी रोमची यात्रा केली, दोन संत पोपांचे अवशेष बरोबर आणले आणि ८५२ साली स्त्रियांचा मठ स्थापन केला. पहिली मठस्वामिनी त्यांचीच मुलगी हथुमोडा. ती गेल्यावर दुसरी मुलगी गेरबेर्गा, तिच्यामागून तिसरी मुलगी क्रिस्टिना. ओडा एकशे सात वर्षे जगली, असे परंपरा सांगते. शंभरी ओलांडलेल्या राजमाता सांगण्याची हौस केवळ विदर्भाला नव्हती, असे दिसते.

याच लिउडोल्फच्या वंशातील हाइनरिश ९१९ साली जर्मनांचा राजा झाला. तो ९३६ मध्ये वारला आणि क्वेडलिनबुर्गच्या टेकडीवर पुरला गेला. त्याच वर्षी त्याची विधवा माटिल्डे हिच्या आग्रहावरून मुलगा ओटो याने त्या थडग्यापाशी स्त्रियांचा मठ स्थापन केला. काम एकच : मृत राजासाठी आणि त्याच्या कुळासाठी प्रार्थना करीत राहणे. विधवा राणीने तीस वर्षे हा मठ स्वतः चालवला, पण मठस्वामिनीचे पद घेतले नाही. ते ९६६ मध्ये तिच्या नातीला मिळाले. नातीचेही नाव माटिल्डे, वय अकरा, वडील सम्राट ओटो.

अकरा वर्षांच्या मुलीला मठाचे प्रमुखपद, हे वाचून आज हसू येईल. त्यामागचा हिशेब मात्र पक्का होता. राजाच्या मुलीला तिच्या तोलाचा नवरा मिळणे कठीण. आणि मिळाला तर तो जावई उद्या सिंहासनावर हक्क सांगणार. मुलगी मठात गेली की हा धोका टळतो. तिच्या नावे दिलेली जमीन घरातच राहते, कारण पुढची मठस्वामिनीही घरातलीच. त्या काळच्या जर्मन राजांना ठरलेली राजधानी नव्हती. राजा दरबारासह वर्षभर फिरत असे, आणि ईस्टरसारख्या मोठ्या सणाला शेकडो माणसांची सोय करणारी जागा त्याला लागे. क्वेडलिनबुर्ग ही ओटो घराण्याची ईस्टरची जागा झाली. थोडक्यात, मठ हे देवघर होते, कुळाचे स्मशान होते, खजिना होता आणि सरकारी विश्रामगृहही.

तिथे राहणाऱ्या स्त्रियाही आपण समजतो तशा जोगिणी नव्हत्या. त्यांतील पुष्कळजणी आजन्म व्रताने बांधलेल्या नसत. स्वतःची मालमत्ता ठेवता येई, घरी जाता येई, मनात आले तर बाहेर पडून लग्नही करता येई. मठस्वामिनीला तेवढे मात्र नाही. गोमंतकीय वाचकाच्या डोळ्यांपुढे ‘मठवासी स्त्रिया’ म्हटले की जुन्या गोव्यातील सांता मोनिका उभे राहते. आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी १६०६ मध्ये स्थापलेल्या त्या मठाच्या जाळ्या, उंच भिंती आणि एकदा आत गेलेली स्त्री पुन्हा बाहेर न दिसणे, हे चित्र इथे लागू पडत नाही. एक साम्य मात्र आहे. आत येणाऱ्या मुलींबरोबर एवढी संपत्ती मठात जाते, म्हणून गोव्याच्या नगरपालिकेने सतराव्या शतकात सांता मोनिकाविरुद्ध तक्रारी केल्या होत्या. स्त्रिया राहतात ती धार्मिक जागा श्रीमंत झाली की शेजाऱ्यांच्या पोटात दुखते, हे सॅक्सनीतही घडले. गांडरशाइमवर अधिकार कोणाचा, हिल्डेसहाइमच्या बिशपचा की माइन्झच्या आर्चबिशपचा, हा तंटा दहाव्या शतकाच्या अखेरीस पेटला तो काही दशके विझला नाही. त्यात सम्राट दुसऱ्या ओटोची मुलगी सोफिया बिशपला बधली नाही, आणि पुढे १००२ मध्ये मठस्वामिनी झाली.

क्वेडलिनबुर्गच्या माटिल्डेची गोष्ट सर्वांत बोलकी आहे. दुसरा ओटो ऐन तारुण्यात गेला. तो तिचा भाऊ. त्याच्यामागे तीन वर्षांचा तिसरा ओटो राहिला. राज्य कोणी सांभाळले? आई थेओफानू हिने, जी बायझँटाइन राजकन्या होती आणि जिने एका सनदेत स्वतःला स्त्रीलिंगी ‘सम्राज्ञी’ऐवजी पुल्लिंगी ‘सम्राट’ म्हणवले. ती ९९१ मध्ये वारल्यावर आजी आडेलहाइड हिने. मुलगा वयात आला आणि ९९७ मध्ये इटलीकडे निघाला, तेव्हा जर्मनीचा कारभार त्याने आत्याकडे, या मठस्वामिनीकडे, सोपवला. ९९९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिने तो पाहिला. सरदारांच्या सभा भरवल्या, सरहद्दीवरच्या स्लाव टोळ्यांशी व्यवहार सांभाळला. त्याआधी ९९४ मध्ये तिच्या मठाला बाजार भरवण्याचा, नाणी पाडण्याचा आणि जकात घेण्याचा हक्क मिळाला होता. सॅक्सनांचा इतिहास लिहिणाऱ्या विडुकिंडने आपला ग्रंथ तिलाच अर्पण केला. तिच्यानंतर पुतणी आडेलहाइड मठस्वामिनी झाली आणि चाळीसहून अधिक वर्षे राहिली.

गांडरशाइमने आणखी एक गोष्ट दिली. ओटोची पुतणी गेरबेर्गा तिथे मठस्वामिनी असताना तिच्या हाताखाली रोस्विटा नावाची स्त्री शिकली आणि तिने लॅटिनमध्ये काव्ये आणि नाटके लिहिली. मठाच्या स्थापनेची कथाही तिने पद्यात सांगितली. युरोपात नाटक लिहिणारी त्या काळातली दुसरी स्त्री माहीत नाही. इथे रिद्धपूर पुन्हा आठवावे. प्रभावतीगुप्तेचा ताम्रपट जिथे मिळाला त्याच गावी, तेराव्या शतकात, गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात महदाइसेने ‘धवळे’ रचले, आणि मराठीला आद्य कवयित्री मिळाली. तीही विधवा होती आणि तिलाही बोलायला जागा मिळाली ती घरात नव्हे, पंथात.

साम्य कुठे संपते

इथवर साम्य दाखवता येते. पुढे वाटा फुटतात, आणि फरक साम्याहून मोठा आहे.

क्वेडलिनबुर्गची मठस्वामिनी गेली की तिच्या जागी दुसरी बसत असे. पद होते, पदाला जमीन होती, नाणे होते, निवडीची रीत होती. ओटो घराणे १०२४ मध्ये संपले. मठ संपला नाही. सोळाव्या शतकात धर्मसुधारणेची लाट आली, मठातल्या स्त्रिया लूथरपंथी झाल्या, पण मठ राहिला आणि मठस्वामिनीला साम्राज्याच्या सभेतले स्थानही राहिले. अठराव्या शतकात प्रशियाच्या फ्रेडरिक द ग्रेटची बहीण आना अमालिया तिथली मठस्वामिनी होती. शेवटची मठस्वामिनी स्वीडनची राजकन्या सोफिया अल्बर्टिना. १८०३ च्या सुमारास नेपोलियनच्या काळातील उलथापालथीत मठ सरकारजमा झाला. गांडरशाइमची अखेरची मठस्वामिनी १८१० मध्ये वारली. हथुमोडापासून मोजले तर साडेनऊशे वर्षे.

रामगिरीच्या पायथ्याशी असे पद निर्माण झाले नाही. प्रभावतीगुप्तेचा अधिकार तिचा एकटीचा होता : तिचे माहेर, तिचे पुत्र, तिची भक्ती, तिचे दीर्घायुष्य यांच्या गाठीतून तो बनला होता आणि तिच्याबरोबर सुटला. तिने दिलेली जमीन आचार्याला आणि ब्राह्मणांना गेली, म्हणजे पुरुषांना; स्त्रियांच्या कोणत्या संस्थेला नव्हे. तशा संस्था भारतात अगदीच नव्हत्या असे नाही. बौद्ध भिक्षुणींचे संघ होते. कान्हेरी आणि कुडा इथल्या लेण्यांत दान देणाऱ्या भिक्षुणींची नावे कोरलेली आहेत. पण वैष्णव राजघराण्यातील विधवेसाठी असे दार नव्हते. तिला देवाच्या पायाशी बसता येत होते. तिथे तिच्यामागून कोणी बसावे याची तरतूद करता येत नव्हती.

अज्झितभट्टारिकेकडे पाहिले की हे लख्ख दिसते. प्रभावतीगुप्तेची ती नातसून. तीही मोठ्या घरची, तीही राजाची आई. तिने स्वतः काढलेला एकही ताम्रपट मिळालेला नाही. तिचे नाव मुलाच्या वंशावळीत आले, म्हणून ते माहीत आहे. बालाघाटच्या त्या अर्धवट पत्र्यांत नेमकी वंशावळच कोरून झाली होती, ही योगायोगाची गोष्ट. कोरणाऱ्याने उलटीकडून सुरुवात केली असती तर एका गावाचे नाव राहिले असते आणि हिचे गेले असते.

प्रभावतीगुप्तेच्या मागे मात्र एक मुलगी होती. रामटेकच्या गडावर केवल नरसिंह नावाचे छोटे, भक्कम मंदिर आहे. लाल दगडातील नरसिंहाची मूर्ती तिथे एक पाय मुडपून बसलेली आहे आणि आजही पूजेत आहे. १९८० च्या दशकात या मंदिराच्या भिंतीत एक शिलालेख उजेडात आला. तो बराच झिजलेला, ओळी तुटलेल्या. अरविंद जामखेडकर यांनी आणि पुढे हान्स बाकर व हारुनागा आयझॅकसन या अभ्यासकांनी त्याचे वाचन केले. त्यांच्या वाचनाप्रमाणे वाकाटक राजकन्येने आपल्या दिवंगत आईच्या पुण्यासाठी देवाची स्थापना केली आणि देवाला ‘प्रभावतीस्वामी’ असे नाव दिले. राजाने बांधलेल्या मंदिरातील देवाला राजाचे नाव देण्याची रीत त्या काळी सर्वत्र होती. प्रवरसेनाच्या नावाचे प्रवरेश्वर होतेच. इथे ते नाव एका बाईचे आहे आणि ते देणारी तिची लेक आहे.

लेखातला लेकीच्या नावाचा भाग नीट वाचता येत नाही.